अर्धा पुसलेला सोफा

अहो, सोफा अर्धाच पुसून ठेवला तुम्ही.

तुमच्याशी बोलायचं म्हणून कागद घेऊन बसली, तं पहिलं हेच येऊन राहिलं मनात. लोकं लिहितात तसं मले नाही जमत, की तुम्ही किती शांत होते, किती मनमिळाऊ होते. शांत होते, मान्य आहे. शांत राहून समोरच्याचं डोकं कसं खावं, ते तुमच्याकडून शिकावं कोणी. एकतीस वर्षं या घरात मी एकटीच भांडली. तुम्ही नुसते "बरं" म्हणायचे, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे.

इंजनचंच घ्या ना. नऊ वर्षांमागं रेल्वेच्या वर्कशॉपमधून येताना डब्याच्या थैलीत घालून आणलं तुम्ही त्याले. मी डबा घासायले काढला तं थैलीतून कुईं कुईं. काळाकुट्ट, भिजलेला, हाताएवढा. मी तेव्हाच सांगितलं, "या घरात एक तं हा राहीन, नाही तं मी." तुम्ही म्हटलं, "बरं." अन् त्याले दूध पाजायले बसले. नाव ठेवलं इंजन. काहून, तं म्हणे जुन्या इंजनासारखा काळा आहे अन् धूर सोडल्यासारखे केस सोडते. म्हणजे केस सोडणार हे तुम्हाले पहिल्याच दिवशी माहीत होतं!

अन् काय केस, माय! लोकांचे कुत्रे वर्षातून दोनदा केस टाकतात म्हणे. आपला बारा महिने टाकायचा, अन् रायपूरचं ऊन तापलं की तं विचारूच नका. भिजवलेल्या कणकीत केस. उशीच्या खोळीत केस. एकदा साहेबासमोर फाईल उघडली तं नोटशीटवर इंजनचा केस, सहीच्या जागी. साहेब म्हणाले, "मॅडम, ये क्या है?" मी काय सांगू? घरी येऊन तुम्हाले सांगितलं तं तुम्ही पोट धरून हसले. मले त्या दिवशी खरंच तुमचा राग आला होता.

हो, सोफा पांढरट रंगाचा मीच घेतला, माहीत आहे मले. दुकानात तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हटलं होतं, "काळा घे, दिसणार नाही." त्यानंच तं मी पेटली. कुत्र्याच्या रंगाचा सोफा घ्यायचा का माणसानं? उद्या साड्या बी काळ्या घ्यायच्या का? पांढराच घेतला, त्याच्यावर तोऱ्यात बसून घरी आली टेम्पोतून, अन् पंधरा दिवसांत त्याचा पार घोंगडा झाला.

मग सुरू झाली ती आपली भांडणं. तुमची ती ट्यूब! जुन्या सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापायचा, हाताच्या पंजावर चढवायचा अन् सोफ्यावरून एकाच दिशेनं ओढायचा. ओढत ओढत केसाची शेवई होते, ती उचलायची. मी म्हणायची, ओला हात फिरवा, केस आपोआप चिकटून येतात. तुम्ही म्हणायचे, पाणी लागलं की केस कापडात घुसून बसते. मी म्हणायची, कोरडं रबर घासून घासून कापडाची वाट लागून राहिली. "बरं," तुम्ही म्हणायचे, अन् कोरडंच घासायचे. त्यावर आणखी कूलर बंद. उन्हाळ्याच्या भर दुपारी कूलर बंद, काहून, तं हवेनं केस उडते!

अन् सगळ्यात मोठी थाप कोणती? "तो चढतच नाही सोफ्यावर. कूलरच्या हवेनं येते केस." मी ऑफिसातून यायची तं गादीवर बसल्याचा खड्डा, गरम, त्याच्यात मूठभर केस. अन् तुम्ही माझ्या डोळ्यात डोळे घालून सांगायचे, हवेनं येते. इंजन बी तुमच्या बाजूले बसून तसाच पाहायचा, साळसूद. रिटायर झाल्यापासून दोघं मिळून दिवसभर काय करत होते देव जाणे. देव नाही मानत आपण, पण तोंडातून निघून जाते.

एक मात्र होतं. या घरातून केस घेऊन कोणाले जाऊ दिलं नाही तुम्ही. आपल्यात वंदनेले, कार्यक्रमाले सगळे पांढरे कपडे घालून जातात, अन् आपल्या सोफ्यावर बसून गेलेला माणूस विहारात लांबून ओळखू यायचा. पांढऱ्या शर्टाची पाठ काळी. बाया आपसात हसायच्या, "हे भाऊच्या घरून आले." तेव्हापासून तुम्ही दाराजवळ खिळा ठोकला, त्याले ट्यूब टांगली अन् जो निघाला त्याले उंबरठ्यावर थांबवायले लागले. "जरा पाठ करा." जावई असो की मीटर पाहायले आलेला माणूस असो. माझी मान शरमेनं खाली जायची. कोणाच्या घरी असं करतात का, की चहा पाजला अन् वरून घोड्यासारखं पुसून काढलं? पण लोकांले सवयच लागून गेली. निघताना चपला घालायचे, अन् आपणहून फिरून उभे राहायचे.

अन् रोज सकाळी मी. पर्स खांद्यावर, डबा हातात, दाराकडे तोंड. तुमचा हात खांद्यापासून कमरेपर्यंत, चार वेळा. मग म्हणायचे, "झालं. जा." लाडाचं बोलणं तुम्हाले कधी जमलं नाही. मी बी कधी मागितलं नाही. पण हे "झालं, जा" ऐकल्याशिवाय मी कधी शंकर नगरच्या ऑफिसले गेली नाही. तुमचा ताप असो, आपला अबोला असो.

त्या दिवशी बी पुसली तुम्ही पाठ. अन् मी काय म्हटलं तेव्हा? मले शब्दनशब्द आठवते. रात्री पाहुणे येणार होते अन् सोफा केसानं भरला होता. मी दारातून ओरडली, "संध्याकाळी मले सोफ्यावर एक बी केस दिसला ना, तं हा कुत्रा आजच्या आज घराबाहेर. तिकडं उरला गावाले देऊन टाकीन, तुमच्या सुधाकरभाऊले." तुम्ही म्हटलं, "बरं. नाही दिसणार." मग म्हटलं, "झालं. जा." अन् मी गेली. वळून बी पाहिलं नाही.

शेजारच्या देवांगन दीदीनं दुपारी फोन केला. मी आली तेव्हा तुम्हाले दवाखान्यात नेलं होतं अन् नंतरचं मी नाही लिहीत. दीदी सांगत होती, "दीदी, मैं पापड़ देने आई थी। भैया सोफा घिस रहे थे, पसीने में तर। मैं बोली, कूलर काहे बंद किए हो इतनी गर्मी में? तो हँसे। बोले, अभी बैठना मत भाभी, आधा बाकी है।" हव दीदी, म्हटलं मी. हव, हव, हेच म्हणत बसली मी तिच्यापुढं.

रात्री पोरगी येऊन पोहोचली, तिनं मले घरी परत आणली तेव्हा पाहिलं. सोफ्याची खिडकीकडची बाजू लख्ख. दाराकडची बाजू काळी. मधात ट्यूबचा तुकडा पडलेला, त्याले अर्धी वळलेली शेवई चिकटून. अन् कूलर बंद.

डॉक्टर म्हणाले हृदय होतं. उन्हाचा काही संबंध नाही म्हणाले, कधी ना कधी होणारच होतं. मी तीन वेळा विचारलं त्यांले. तिसऱ्यांदा ते चिडले. पण मले सांगा, म्हातारपणी एवढं ऐकायची काय गरज होती माझं? एकतीस वर्षं "बरं" म्हणून ऐकलं नाही कधी, अन् त्याच दिवशी बरं ऐकावंसं वाटलं! मी रोज ओरडायची. ओरडणाऱ्या बाईचं इतकं खरं धरतात का कोणी?

मग घर भरलं माणसांनी. कोणी त्या सोफ्यावर बसायले गेलं की मी उठवायची. रश्मी हैदराबादहून आली होती. आपली पोरगी मराठी सगळं समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. तिनं चौथ्या दिवशी तो केस ओढायचा मशीन काढला, तिनंच मागं पाठवला होता तो, अन् दाराकडच्या बाजूले लावला. मी इतक्या जोरानं ओरडली की इंजन पलंगाखाली घुसला. रश्मी रडायले लागली. "मम्मी, बाल ही तो हैं!" केसच आहेत, बरोबर आहे तिचं. मले तिले समजावून सांगता आलं नाही, की उरलेलं काम तुमचं आहे.

अन् इंजन? तुमच्या थापेचा पुरावा देते ऐका. त्या दिवसापासून कालपर्यंत इंजन सोफ्यावर चढला नाही. एकदा बी नाही. घर माणसांनी भरलं तसा कूलर दिवसभर चालू होता, फुल्ल. मग खिडकीकडच्या बाजूवर एक बी केस काहून आला नाही हवेनं? सांगा ना. तुम्ही बोलावत होते त्याले, म्हणूनच चढायचा तो. पकडले गेले तुम्ही, पण भांडायले समोर नाही. याचा मले किती राग येऊन राहिला, तुम्हाले सांगता येत नाही.

सुधाकरभाऊ बिचारे चांगल्या मनानं बोलले. "वहिनी, तुम्ही दिवसभर ऑफिसात. याले कोण पाहीन? माझ्याकडं उरल्याले मोठं आंगण आहे. मिलमधून आलो की मी पाहीन त्याले. कार्यक्रमाच्या दिवशी घेऊन जातो." रश्मी बी मागं लागली, "मम्मी, आप ही तो हमेशा बोलती थीं कि इसको हटाओ।" मी म्हटलं, "न्या." थकली होती मी. हो म्हणून मोकळी झाली. अन् मग दोन दिवसांनी पोळी करता करता लक्षात आलं, की हेच तं मी बोलली होती दारातून. उरल्याले देऊन टाकीन. म्हणजे तुमच्याशी शेवटचं जे बोलली, तेच खरं करून दाखवायले निघाली मी. तव्यावरची पोळी जळून गेली. पण शब्द देऊन बसली होती अन् परत कसा घ्यावा ते कळेना.

काल रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सकाळी लवकर उठली, कारण सोफा साफ करणं भागच होतं. म्हातारी माणसं येणार, त्यांले खाली कसं बसवणार? रश्मीले म्हटलं, मी करते, तू हात लावू नको. कूलर बंद केला. ट्यूब पंजावर चढवली. तुमच्या हाताची ती, मले सैल झाली. कोरडीच ओढली आधी, तुमची पद्धत. इतक्या दिवसांचे केस, दाबून बसलेले, हलेनात. मग माझी पद्धत, ओला हात. ते आणखी घुसले. तुमचं ते बोलणं खरं होतं, लिहून देते. मग वैतागून तोच ओला हात ट्यूबवर पुसला अन् पुन्हा ओढली, तं अहो, काय सांगू! एका झटक्यात सगळे आले. रजईतून कापूस निघावा तसे. ना तुमचं कोरडं, ना माझं ओलं. रबराले नुसता ओला हात लावायचा. नऊ वर्षं भांडलो आपण दोघं, अन् एकदा बी दोन्ही एकत्र करून पाहिलं नाही.

"अहो, हे पाहा!" मी मोठ्यानं म्हटलं. खरंच म्हटलं. रश्मी स्वयंपाकघरातून धावत आली, "क्या हुआ मम्मी?" म्हटलं, काही नाही, निघाले केस.

मग मी रडली. इतक्या दिवसांत रडली नव्हती, ती सोफ्यापुढं जमिनीवर बसून रडली, केसाचा तो गोळा मुठीत धरून. टाकवेना. थोड्या वेळानं टाकला. कुत्र्याचेच केस ते, त्यांची काय पूजा करायची?

कार्यक्रम चांगला झाला. तथागतांच्या मूर्तीपुढं तुमचा फोटो, वर्कशॉपच्या निरोपाचा, ज्यात तुम्ही हारात बुडाले आहात. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, जलदान झालं. इंजनले मागच्या खोलीत कोंडलं होतं. पण सगळे एका सुरात म्हणायले लागले तसं त्यानं दार खरवडून खरवडून कडी पाडली, अन् आला. पन्नास माणसं पांढऱ्या कपड्यात मांडी घालून बसलेली, अन् हा त्यांच्या मधातून, एकेकाच्या पाठीले अंग घासत, एकेकाचा वास घेत तुम्हाले शोधत गेला. जिथून गेला तिथं काळा पट्टा. मी डोक्याले हात लावला. वासनिक काका, तुमचे दोस्त, आपले बौद्धाचार्य, त्यांनी डोळा बी उघडला नाही. इंजन त्यांच्या पाठीले टेकून बसला, शेवटपर्यंत.

मग वासनिक काका बोलले. छान बोलले. सर्व अनित्य आहे, जे जोडलं ते सुटणार, माणसानं धरून ठेवू नये, दुःखाचं मूळ ते आहे. अर्धा तास समजावून सांगितलं त्यांनी. लोकं माना हलवत होते. मी बी हलवली. मग जेवणं झाली, ते उठले, झोळी खांद्याले लावली, मले "जय भीम, सांभाळा बाई" म्हणाले, दारात गेले, चपला घातल्या. अन् फिरले. घराकडं पाठ करून, दोन्ही हात सरळ सोडून उभे राहिले.

पुसणारा हातच नव्हता. त्यांच्या बी लक्षात आलं मग. पण त्यांनी पाय उचलला नाही. खांदे हलायले लागले त्यांचे.

मी गेली. खिळ्याची ट्यूब काढली, ओला हात फिरवला तिच्यावर, अन् पुसली त्यांची पाठ. चार वेळा. म्हटलं, "झालं काका. या." ते मागं न पाहता गेले. त्यांच्या मागं दुसरं कोणीतरी येऊन उभं राहिलं, पाठ करून. मग तिसरं. अहो, रांग लागली. वर्कशॉपची माणसं, माझ्या ऑफिसच्या बाया, देवांगन दीदी. तिच्या तं पाठीले काही नव्हतंच, तरी उभी राहिली. माझा दंड भरून आला. तुमचा कधी भरून आला नसन का? सांगितलं नाही कधी.

सगळ्यात शेवटी सुधाकरभाऊ. हातात नवीन दोरी, इंजनसाठी आणलेली. ते बी फिरले. मी पुसली त्यांची पाठ, अन् म्हटलं, "भाऊ, दोरी राहू द्या. नका नेऊ त्याले."

"काहून वहिनी? तुम्हीच तं हो म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. त्यांच्याशी बी तेच बोलली होती मी, शेवटचं. ते मले खरं नाही होऊ द्यायचं."

रश्मी म्हणाली, "मम्मी, फिर वही बाल, वही झगड़ा।" मी म्हटलं, झगडा कोणाशी करणार गं आता? सुधाकरभाऊंनी दोरी गुंडाळून खिशात घातली. जाताना इंजनच्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी रश्मी गेली. घर मोकळं झालं. मी तशीच पांढऱ्या साडीत सोफ्यावर बसली, दाराकडच्या बाजूले. इंजन खाली उभा राहून पाहून राहिला होता. मी बाजूच्या गादीवर हात आपटला. "ये." नाही आला. पुन्हा म्हटलं, "ये रे बाबा, नाही ओरडणार मी." तेव्हा चढला. किती जड आहे हो तो! माझ्या मांडीवर डोकं टाकून असा उसासा सोडला त्यानं, म्हाताऱ्या माणसासारखा.

आज सकाळी रश्मीनं व्हिडिओ कॉल केला. "मम्मी, पीछे सोफ़े पर काला-काला क्या है? इंजन चढ़ा क्या?"

"नाही गं," मी म्हटलं. "कूलरच्या हवेनं येते."

मग तयार झाली. रजा संपली, आज ऑफिस होतं. पर्स खांद्यावर, डबा हातात, चपला घातल्या अन् दारात पाठ करून उभी राहिली. किती वेळ उभी होती माहीत नाही. इंजन येऊन बाजूले बसला. मग मीच ट्यूब काढली, खांद्यावरून हात घालून पाहिला, कमरेकडून पाहिला. वर पोहोचते, खाली पोहोचते, मधात नाही पोहोचत. दारं कशी पुसायची, पंखे कसे पुसायचे, सगळं शिकवत बसायचे मले. आपल्या आपण पाठ कशी पुसायची, तेवढं सांगायचं राहिलं तुमचं.

तशीच गेली. ऑफिसात पाणी देणारी दीदी मागून आली अन् म्हणाली, "मैडम, पीठ पर बाल ही बाल हैं। झाड़ दूँ?"

मी म्हटलं, "नको. राहू दे."